जोडधंदा आणि स्वभाव

'जोडधंदा' हा शब्द मुळात शेतीच्या परिसरातला. नुसत्या शेतीवर घर चालत नाही म्हणून कुणी दारात दोन म्हशी बांधतो, कुणी कोंबड्या पाळतो, पाण्याची सोय असेल तर कुणी तुती लावून रेशमाचे किडे वाढवतो. शेतकरी हा जोडधंदा निवडताना फार चिकित्सक असतो. पाणी किती, चारा कुठून येणार, घरात कामाचे हात किती, त्यांतले दिवसभर घरी राहणारे कोण, हे सारे तो आधी पाहतो. म्हशीची धार सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी काढावीच लागते, त्यामुळे ज्याची फिरती आहे तो म्हशीच्या वाटेला जात नाही. दुधाला चांगला भाव आहे एवढ्या एका कारणावर म्हैस विकत घेणारा माणूस गावात चेष्टेचा विषय होतो.

हाच शब्द आता साहित्याच्या पदव्युत्तर वर्गांत आणि स्टाफरूममधे ऐकू येऊ लागला आहे. मराठी विषयात एम. ए. झालेले, नेट अथवा सेट उत्तीर्ण, काही तर पीएच. डी.सुद्धा, असे कितीतरी जण महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवत असतात. मीही त्यांतलाच एक. ज्यांना या व्यवस्थेची कल्पना नसेल त्यांच्यासाठी सांगायचे तर येथे शिकवलेल्या तासाचे तेवढे पैसे मिळतात. परीक्षांचे दिवस, दिवाळीची सुट्टी, उन्हाळा, यांचे काही नाही. एका महाविद्यालयाने मला एका शैक्षणिक वर्षाचे मानधन पुढच्या वर्षीची दिवाळी उलटल्यावर दिले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला तेव्हा आम्ही पेढे वाटले आणि त्याच आठवड्यात मानधनाची चौकशी करायला लेखाविभागाच्या खिडकीशीही उभे राहिलो. यात उपहास नाही. दोन्ही गोष्टी तितक्याच खऱ्या होत्या.

तेव्हा जोडधंदा करावा की नाही हा प्रश्न आमच्यापुरता मिटलेला आहे. कोणता करावा, हा प्रश्न मात्र कुणी नीट विचारत नाही. गेल्या वर्षी एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने तो विचारला. मुलगी अबोल, पण वर्गात दुसरा कुणी बोलू लागला की मान वर करून त्याच्याकडे पाहत ऐकणारी. वडिलांची थोडी शेती, धाकटा भाऊ शिकतो आहे, आणि हिला पुढे संशोधन करायचे आहे. "सर, सगळे म्हणतात शिकवण्या घे, तुझी भाषा चांगली आहे. की भाषेतलंच दुसरं काहीतरी बघू?" असे तिने विचारले. मी तिला तेव्हा जे थोडक्यात सांगितले, ते येथे जरा विस्ताराने मांडतो आहे.

*

"भाषेतले काहीतरी" हा सल्ला साहित्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला मिळतो. तो देणाऱ्याचा समज असा असतो की भाषा हा एक गुण आहे आणि तो ज्याच्याजवळ आहे त्याला भाषेची सगळी कामे सारखीच जमतील. अनुभव निराळा आहे. भाषेच्या आसऱ्याने पैसे मिळवून देणारी चार कामे मी कमीअधिक काळ केली. चारही कामांत माझी मराठी तीच होती, परंतु प्रत्येक कामाने माझ्याकडून मागितलेला माणूस वेगळा होता.

शिकवणीचेच पाहू. दहावीची मुले संध्याकाळी सहा ते आठ यायची. तोच धडा, तीच पत्रलेखनाची चौकट, तोच समास, दरवर्षी नव्या मुलांना पहिल्यांदाच सांगतो आहोत अशा उमेदीने सांगता आला पाहिजे, हा या कामाचा गाभा. माझा एक मित्र शिकवणीतून उठतो तेव्हा टवटवीत दिसतो. मुलांच्या गोंगाटानेच त्याला तरतरी येते. मी मात्र आठ वाजता वह्या आवरून बसलो की जेवणाच्या ताटावरही बोलावेसे वाटत नसे. मुलांचे गुण चांगले यायचे, पालक समाधानी असायचे, म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला मी त्या कामात यशस्वीच होतो. (येथे एक गोष्ट नोंदवायला हवी: शाळेतल्या शिक्षकांना खासगी शिकवण्या घेण्यास शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अठ्ठाविसाव्या कलमाने मनाई आहे. त्यामुळे शाळेत नोकरीला लागू इच्छिणाऱ्याने शिकवणीवर आपला संसार उभा करताना पुढचाही विचार केलेला बरा.)

दुसरे सूत्रसंचालन. आमच्या भागात याला चांगली मागणी आहे. लग्न, साठी, पतसंस्थेचा वर्धापनदिन, कारखान्याच्या गळीत हंगामाचा शुभारंभ, सत्कार तर बारा महिने. एका संध्याकाळी मिळणारी रक्कम तासिकांच्या आठवड्याइतकी असू शकते. काव्याभ्यासक मंडळी या कामाकडे नाक मुरडून पाहतात ते मला पटत नाही. प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा येणार असतील तर तो दीड तास हजार माणसांना खुर्चीवर बसवून ठेवणे ही विद्याच आहे. माझा एक सहकारी ती अप्रतिम करतो. समोरच्या गर्दीचा कल त्याला पहिल्या दोन मिनिटांत कळतो. मी पाठ केलेल्या चारोळ्या वेळेवर म्हणत असे, पण टाळ्या आल्या की अवघडून जात असे आणि न आल्या तर रात्रभर तेच आठवत असे. गर्दीचे कौतुक पचवणे आणि गर्दीची उदासीनता सहन करणे, या दोन्हींना लागणारी कातडी माझ्याजवळ नाही.

तिसरे भाषांतर. साहित्यकृतीचे भाषांतर मी म्हणत नाही. ते भाग्य क्वचित कुणाला लाभते आणि त्याचे पैसेही क्वचित लाभतात. मी बोलतो आहे ते माहितीपत्रके, विम्याच्या अटी, यंत्र वापरण्याच्या सूचना यांविषयी. शब्दाला इतके पैसे असा हिशेब. या कामात स्वतःला बाजूला ठेवता आले पाहिजे. ग्राहकाने ठरवून दिलेली परिभाषा आपल्याला कितीही खटकली तरी तीच वापरावी लागते, आणि दोन दिवस खपून साधलेले वाक्य "जरा सोपे करा" एवढ्या शेऱ्यानिशी परत येते. अलीकडे तर यंत्राने केलेला कच्चा मसुदा हाती येतो आणि तो सुधारण्याचेच काम उरते. त्याचा दर अर्थातच कमी. ज्याला दुसऱ्याच्या वाक्यात निमूटपणे राहता येते, त्याला हे काम मानवते. मला ते ना जड गेले, ना त्याची गोडी लागली.

चौथे मुद्रितशोधन. हे मी अजून करतो, म्हणून त्याविषयी जरा सविस्तर.

*

मुद्रितशोधक वाचतो असे म्हणतात, परंतु ते वाचणे नेहमीच्या वाचण्याच्या उलट्या दिशेने जाणारे असते. सामान्य वाचकाचा डोळा शब्दावरून घसरत अर्थाकडे धावतो, आणि अर्थ लागला की अक्षरे विसरतो. म्हणूनच छापील चुका त्याला दिसत नाहीत. मुद्रितशोधकाला अर्थाची ही ओढ रोखून धरावी लागते. प्रत्येक शब्दाकडे तो थोडा संशयाने पाहतो. 'गरीब' बरोबर आहे, पण 'गरीबाला' नाही, तेथे 'गरिबाला' हवे. 'कवी' दीर्घ, पण 'कविराज' ह्रस्व. फेब्रुवारीच्या २७ तारखेला फलकांवर 'मराठी भाषा गौरव दीन' असे झळकते तेव्हा रस्त्याने जाणाऱ्या इतरांना उत्सव दिसतो आणि आम्हाला तो दीर्घ 'दी', ज्याने गौरवाच्या दिवसाला दीनवाणे करून टाकलेले असते.

या संशयाला आधार लागतो तो नियमांचा. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे चौदा नियम आणि १९७२ साली त्यांत पडलेली चार नियमांची भर, असे एकूण अठरा. मो. रा. वाळंबे यांचे 'मराठी शुद्धलेखन प्रदीप' आणि अरुण फडके यांचे 'शुद्धलेखन ठेवा खिशात' ही पुस्तके माझ्या टेबलावर इतकी वर्षे आहेत की त्यांची काही पाने सुटून आली आहेत. नियमांशी भांडणारे विद्वान पुष्कळ आहेत आणि त्यांच्या काही आक्षेपांत तथ्यही आहे. मुद्रितशोधकाने मात्र हे भांडण कार्यालयाबाहेर ठेवावे. हाती आलेला मजकूर एका नियमाने चालतो आहे ना, एवढे त्याने पाहावे.

पूर्वी पुण्याहून छपाईच्या कागदांचे पुडके एस. टी.च्या पार्सलने येई. मी ते स्थानकावरून आणी आणि समासात खुणा करून परत पाठवी. आता पीडीएफ येते. जुन्या टंकातला मजकूर युनिकोडमधे आणताना जोडाक्षरे फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर चढतो. त्यामुळे संगणकाने मुद्रितशोधकाचे काम संपवले असे जे म्हटले जाते ते अर्धेच खरे आहे. शब्द तपासणारी साधने आली, आणखी येतील, पण 'दिन' आणि 'दीन' हे दोन्ही शब्द शब्दकोशात असतात. येथे कोणता हवा होता, हे अद्याप कुणीतरी बसून पाहावे लागते. ते किती काळ माणसाकडे राहील याची हमी मी कुणाला देणार नाही.

हे काम मला मानवले याची खूण कोणती? मी ते चांगले करतो ही ती खूण नव्हे, कारण शिकवणीही मी चांगलीच करत होतो. खूण अशी की तीन तास मुद्रिते तपासून उठलो की डोळे दुखतात, मान अवघडते, पण मन ताजे असते. त्यानंतर घरच्यांशी गप्पा मारता येतात, दुसऱ्या दिवशीच्या तासाची तयारी करता येते. शिवाय या कामाला शेवट असतो. सोळा पानांचा एक फॉर्म तपासून झाला की झाला. कुणाचे समाधान करायचे राहिलेले नसते, टाळ्यांची वाट पाहायची नसते. एकट्याने करण्याचे, मर्यादित, तपासून हातावेगळे करता येण्याजोगे काम मला हवे असते, हे मला मुद्रितशोधन करताना कळले. हा माझा गुण की माझ्या स्वभावाची मर्यादा, याचा निवाडा करण्याची गरज मला कधी वाटली नाही.

*

साहित्याच्या इतिहासात याचे दाखले शोधू लागलो तर पोटापाण्याच्या उद्योगाकडे आपण फार एकसुरी नजरेने पाहतो असे दिसते. लेखकाला नोकरी करावी लागली म्हणजे त्याच्यावर अन्याय झाला, एवढे म्हणून आपण पुढे जातो. फ्रान्झ काफ्काचे उदाहरण तर या संदर्भात हटकून दिले जाते. पण त्याचे आयुष्य जरा बारकाईने पाहावे. १९०७ साली तो एका खासगी विमा कंपनीत लागला. तेथील दिवस इतका लांब होता की लेखनाला वेळ उरेना, आणि वर्षभराच्या आत ती नोकरी त्याने सोडली. १९०८मधे तो प्रागच्या कामगार अपघात विमा संस्थेत गेला. तेथे दुपारी दोनला सुट्टी होई. या कचेरीविषयी त्याने आयुष्यभर कुरकुर केली हे खरे, परंतु १९२२ साली आजारपणामुळे निवृत्त होईपर्यंत तो तेथेच राहिला. लाकूड रंधणाऱ्या यंत्रांवर कामगारांची बोटे कशी तुटतात आणि ती कशी वाचवता येतील यावर त्याने लिहिलेले अहवाल आज अभ्यासले जातात. त्याच्या कथांतील कचेऱ्या आणि यंत्रे वाचताना या नोकरीची आठवण होणे अपरिहार्य आहे.

याच काफ्काला १९११मधे घरच्यांनी एका जोडधंद्यात ओढले. मेहुण्याबरोबर काढलेला अ‍ॅस्बेस्टॉसचा कारखाना. काफ्काने दुपारी तेथे जाऊन कामगारांवर लक्ष ठेवावे, अशी घरच्यांची अपेक्षा. १९१२च्या सप्टेंबरात त्याने एका रात्रीत 'निवाडा' ही कथा लिहिली होती, लेखन भरात आले होते, आणि ऑक्टोबरात कारखान्याकडे लक्ष देण्याचा आग्रह वाढला. तेव्हा त्याने मित्र माक्स ब्रोडला लिहिलेल्या पत्रात आत्महत्येचा विचार बोलून दाखवला. ब्रोडने घाबरून काफ्काच्या आईला कळवले. माणूस एकच, शहर एकच, दिवस तेच. एका उद्योगात तो कुरकुरत का होईना चौदा वर्षे टिकला, दुसऱ्याने त्याला खिडकीपाशी नेऊन उभे केले. कचेरीत त्याला कागद, कायदा आणि बारकावा यांच्याशी काम होते. कारखान्यात मालक व्हायचे होते, माणसांना दटावायचे होते. ते त्याच्या प्रकृतीत नव्हते. जोडधंद्याची निवड हा चैनीचा विषय नाही, हे या एका पत्रावरून ध्यानात यावे.

टी. एस. एलियटचे उदाहरण याच्या शेजारी ठेवण्याजोगे आहे. त्याने आधी शाळांत शिकवून पाहिले. कवीला, त्यातही विद्वान कवीला, शिक्षकी पेशा शोभतो असेच कुणीही म्हणेल. पण शिकवण्याने तो पार थकून जाई. १९१७ साली तो लंडनच्या लॉइड्स बँकेत लागला आणि आठ वर्षे तेथे राहिला. १९२२मधे एझ्रा पाउंड प्रभृतींनी वर्गणी जमवून त्याला बँकेतून 'सोडवण्याचा' घाट घातला, तेव्हा संकोचला तो एलियटच. बँकेने त्याला सुखी केले असे मी म्हणत नाही. १९२१मधे प्रकृती ढासळल्याने त्याला रजा घ्यावी लागली होती, आणि 'द वेस्ट लँड'चा मोठा भाग त्या रजेच्या काळातला. परंतु वर्गातील मुलांपेक्षा परदेशी बँकांचे ताळेबंद त्याच्यातले कमी मागत होते, असे मात्र दिसते.

आपल्याकडे पाहू. पाडगावकर, विंदा आणि बापट हे तीन कवी गावोगाव एकत्र काव्यवाचन करत हिंडले. कविता ऐकायला सभागृहे भरू शकतात हे त्यांनी महाराष्ट्राला दाखवले. साधारण त्याच काळात जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत होते आणि सभासमारंभांपासून कटाक्षाने दूर राहत होते. त्यांनी कॉनरॅड रिक्टरच्या कादंबऱ्या 'रान', 'शिवार', 'गाव' अशा नावांनी मराठीत आणल्या. जी. एं.ना व्यासपीठावर आणि त्या तिघांना धारवाडच्या खोलीत बसवून पाहा, म्हणजे स्वभाव या शब्दाचा अर्थ स्पष्ट होतो. अरुण कोलटकर जाहिरातीच्या व्यवसायात होते. शब्दांचा माणूस म्हणून ते तेथे गेले नव्हते, चित्रकलेचे शिक्षण घेतलेला माणूस म्हणून गेले होते. दिवसा त्यांचा डोळा विकला जाई, शब्द त्यांच्याजवळच राहत. ही वाटणी त्यांनी जाणून केली होती की तशी होऊन गेली, हे सांगता येणार नाही. मला ती फार शहाणपणाची वाटते.

*

कोलटकरांच्या या वाटणीने मी माझ्या उद्योगाकडेही पुन्हा पाहिले, कारण मुद्रितशोधनाची किंमत मलाही द्यावी लागत होती. दिवाळी अंकांच्या हंगामात, म्हणजे श्रावणापासून पुढे, माझ्याकडे कथा-कवितांची मुद्रिते येऊ लागली. दिवसाला चार-पाच कथा. काही महिन्यांनी असे होऊ लागले की स्वतःच्या आवडीची कविता हाती घेतली तरी डोळा अनुस्वार मोजू लागे. ओळीतला जाणीवपूर्वक मोडलेला शब्द पाहून पेन्सिल शोधावीशी वाटे. वर्गात कविता शिकवताना मुलांना ज्या ठिकाणी थांबवायचे, तेथे मी स्वतःच थांबेनासा झालो. जे काम स्वभावाला मानवते तेच आपल्या मुख्य कामाच्या मुळाशी पोचते, तेव्हा काय करायचे?

मी काम बदलले नाही, मजकूर बदलला. कथा-कविता घेणे कमी केले आणि पतसंस्था, बाजार समित्या, साखर कारखाने यांचे वार्षिक अहवाल घेऊ लागलो. सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेर व्हाव्या लागतात, त्यामुळे पावसाळ्यात ही कामे मुबलक असतात. पैसे वेळेवर मिळतात, कारण सभेची तारीख ठरलेली असते आणि अहवाल सभासदांच्या हाती त्याआधी पडावा लागतो. आणि या अहवालांनी मला एक अनपेक्षित देणगी दिली. गाळप, मळी, बगॅस, तोडणी, बिनपरतीची ठेव, असे शब्द रोज डोळ्यांखालून जाऊ लागले. 'उतारा' म्हटले की मला आजवर परीक्षेतला गद्य उतारा आठवे. कारखान्याच्या अहवालात तो उसातून मिळणाऱ्या साखरेचे प्रमाण होऊन येतो, आणि त्या एका आकड्यावर शेकडो घरांचा वर्षभराचा हिशेब अवलंबून असतो. माझ्या वर्गात बसणारी निम्मी मुले त्या घरांतली आहेत. सावता माळ्याच्या अभंगांत मळा येतो, गोरोबांच्या चरित्रातून चिखल वेगळा करता येत नाही, हे मी वर्गात नेहमीच सांगत असे. आता ते सांगताना माझ्या तोंडी समोरच्या मुलांच्या घरचे शब्द येऊ लागले. संध्याकाळची कविता मात्र पुन्हा कविता राहिली.

*

त्या विद्यार्थिनीला मी यातले बरेचसे सांगितले आणि काही प्रश्न स्वतःला विचारायला सांगितले. दिवसभराच्या कोणत्या कामानंतर तू थकतेस पण चिडत नाहीस? तुला कुणाच्या समोर असलेले आवडते, की कुणाच्या मागे, की कुणीच नसलेले? रोज थोडे काम हवे, की हंगामात भरपूर आणि नंतर मोकळीक? चूक दाखवली गेली तर ती कागदावर दाखवलेली चालेल, की चारचौघांत? संशोधनासाठी तुला जे लागणार आहे, तेच हे काम खर्च करून टाकणार नाही ना? आणि लोक आपण होऊन कोणते काम तुझ्याकडे आणतात? या शेवटच्या प्रश्नाला मी फार महत्त्व देतो. आपल्याला आपले गुण फारसे ठाऊक नसतात, पण शेजाऱ्यांना ते नेमके ठाऊक असतात आणि ते त्यांचा फुकट उपयोगही करून घेत असतात.

ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, "माझ्याकडे म्हातारी माणसं बोलायला येतात, सर." वाड्यातल्या आजी, एस. टी.तून निवृत्त झालेले काका, गावातले जुने मास्तर, सगळे तिच्याशी तासन्‌तास बोलत बसतात. ती फारसे काही विचारत नाही. ती ऐकते, आणि नंतर तिला ते जसेच्या तसे आठवते, त्यांच्या लकबींसकट.

आज ती शब्दांकन करते. निवृत्त झालेल्या, हाती थोडा पैसा असलेल्या कितीतरी जणांना आपले आयुष्य पुस्तकरूपाने नातवंडांच्या हाती द्यायचे असते आणि लिहिता येत नसते. ती त्यांच्याकडे जाते, ध्वनिमुद्रण करते, घरी येऊन उतरवते, त्याला क्रम लावते. एका प्रकरणाला इतके पैसे असा तिचा दर आहे. आधी निम्मे घ्यायचे आणि किती वेळा फेरफार करून मिळतील ते लेखी ठरवायचे, हे मी तिला बजावले होते. पहिल्या कामात तिने संकोचापोटी तसे केले नाही आणि एकच प्रकरण तिला पाच वेळा लिहावे लागले. आता ती ठरवून घेते. शिकवण्यांइतका पैसा यात नाही, आणि दोन कामांच्या मधे रिकामे महिने जातात. घरचे अजून म्हणतात, दहावीच्या चार मुली तरी घे. त्यांचेही चूक नाही. भावाची फी त्यांना भरायची आहे.

तिच्या संशोधनाचा विषय मात्र बदलला आहे. आधी ती एका प्रसिद्ध कादंबरीकारावर काम करणार होती. आता तिला मराठीतील आत्मकथनांत बोली आणि लेखी भाषेचा सांधा कुठे आणि कसा जुळतो, हे पाहायचे आहे. मार्गदर्शक मिळायचा आहे, प्रवेशपरीक्षा व्हायची आहे, पुढे जागा निघेल की नाही कुणालाच सांगता येत नाही. पूर्णवेळ जागा मिळाली तर ती शब्दांकन सोडेल का, असे मी तिला विचारले होते. "तेव्हाचं तेव्हा बघू," ती म्हणाली. "सध्या निवृत्त मास्तरांचं तिसरं प्रकरण चालू आहे. त्यांच्या शाळेत १९७२च्या दुष्काळात सुकडी शिजायची, तिथपर्यंत आलोय."